कोपीतली ऊब

टोळीत दगडाबाईचा शब्द म्हणजे कायदा. मुकादमसुद्धा तिच्याशी आवाज खाली ठेवून बोलायचा. ऊसतोडीला येणाऱ्या शिरूर कासारच्या कितीतरी बायकांची बाळंतपणं तिनंच केलेली. बांबू वाकवून, वर वाळल्या पाचटाचा जाड थर देऊन तिनं उभारलेली कोपी अख्ख्या तळावर सगळ्यांत ऊबदार. नव्या पोरींची कोपी बघून ती म्हणायची, "ह्यात कोंबडी तरी बसंल का?" आणि स्वतःच सोडून पुन्हा बांधून द्यायची.

यंदा आगीच्या भीतीनं कारखान्यानं पाचट वापरू दिलं नाही. मुकादमानं प्लास्टिकचे निळे कागद वाटले. साखरेच्या पोत्यांना मात्र पक्कं गोदाम, ओल लागू नये म्हणून खाली फळ्या. पोतं भिजलं तर कुणालातरी जाब द्यावा लागतो. माणूस गारठला तर कुणी विचारत नाही.

पौषात सून मनिषा तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली, चिमणीएवढी. गोदाकाठची थंडी लई वाईट. मागच्याच हंगामात शेजारच्या सुंदरबाईचा नातू छाती भरून गेला होता. आपली नात तशी जाऊ द्यायची नाही, असं दगडाबाईनं मनाशी घट्ट धरलं. तिनं कागदाच्या कडा मातीत पुरल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीला बाजेखालून शेक हवाच, तिच्या आईनंही तिला तसाच दिला होता. सकाळी तिनं शेगडी बाहेर पेटवली, धूर पार निघून गेल्यावरच लाल इंगळ बाजेखाली सरकवले, दाराचा कागद आवळून बांधला आणि लेकाबरोबर फडात गेली.

पाचटातून हवा खेळते, कागदातून खेळत नाही. हे तिला कोण सांगणार? इतकी बंद कोपी तिनं जन्मात बांधली नव्हती.

दुपारी परतली तेव्हा मनिषा दाराशी ओकत पडली होती. बाजेवर पोरीचे गाल गुलाबी दिसत होते. शेक लागला, असंच दगडाबाईला आधी वाटलं. मग तिनं पोरीला उचललं.

दवाखान्यातले डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "बंद जागेत निखाऱ्यांतून विषारी वायू सुटतो. तो दिसत नाही, वास येत नाही. फट ठेवायला हवी होती."

"धूर नव्हता, सायेब," दगडाबाई एवढंच म्हणत राहिली.

मनिषाला घेऊन ती तळावर आली, तेव्हा सुंदरबाई वाट बघत होती. तिचं धाकटं नातवंड पदराखाली खोकत होतं. "फट ठिवली तर गारठा, बुजवली तर हे असं. दगडाबाई, लेकरू ठिवावं तरी कुठं?"

दगडाबाईकडं असं विचारायला आलेली बाई आजवर रिकामी गेली नव्हती. पण मला विचाराल तर ह्याचं उत्तर तिनं द्यायचंच नव्हतं, आणि ज्यांनी द्यायचं ते तळावर फिरकलेसुद्धा नाहीत.

ती मनिषापाठोपाठ आत गेली. कोयता घेऊन तिनं बाजेच्या वरचा कागद उभा फाडला. गार वारा सरळ आत आला. मनिषाची चोळी दुधानं भिजली होती. तिनं गोधडीसुद्धा ओढून घेतली नाही.

"आता कावून फाडता, आत्या? बाळ कुठं हाय आता?"

"तू हायेस की आजून," दगडाबाई म्हणाली.