टाकीमागची बाग आणि वानखेडेजींच्या गोष्टी

बागेत तासभर गेलो की काम होतं वीस मिनिटांचं, बाकीचा वेळ गोष्टींत जातो. आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानात, पाण्याच्या टाकीमागे, आम्ही चौघं म्हातारी माणसं सहा वर्षांपासून फुलझाडं लावतोय. तेव्हा गोष्टी किती साचल्या असतील बघा. फुलं निदान सुकून जातात. गोष्टींना तीही सोय नाही.

चौघांत बोलणारे मुख्यतः वानखेडेजी. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. त्यांच्या पत्नी सुमनबाई पाणी घालतात आणि ऐकतात. निखारेजी उमरेडचे, अर्धं आयुष्य हातमागावर बसलेले, ते मान खाली घालून खुरपत असतात. आणि मी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली.

*

भूगोलाचा उपयोग मला एकदाच झाला.

वानखेडेजींची एक डबल जास्वंद आहे. पहिल्या वर्षी ते म्हणाले, ही मी छिंदवाड्याहून आणली. दुसऱ्या वर्षी बैतूलहून. तिसऱ्या वर्षी एका पाहुण्याला सांगत होते, रायपूरहून. मी खुरपं खाली ठेवलं.

"वानखेडेजी, एकच झाड तीन गावांहून कसं येईल?"

ते जरासुद्धा गडबडले नाहीत.

"कुंडी बसमध्येच होती, मॅडम. बस तिन्ही गावाले गेली."

*

निखारेजी वाफा लावत नाहीत, विणतात. मधे पांढरी शेवंती, दोन्ही कडांना गर्द लाल, टोकाला पिवळा पदर. एका हिवाळ्यात सगळं फुललं आणि लाल काठात एकच झाड गुलाबी निघालं. निखारेजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले.

"धागा चुकला," ते म्हणाले.

मी म्हटलं, नर्सरीवाल्याची चूक, राहू द्या, छान दिसतंय. ते झाड त्यांनी मातीसकट अलगद उचललं आणि माझ्या वाफ्यात आणून लावलं.

"माझ्याकडे का?" मी विचारलं.

"तुमच्या इथं कुठंबी चालते, मॅडम. तुमचं काही डिझाइनच नाही."

*

पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ रोज सकाळी आकडी लावलेली काठी आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन यायचे आणि आमची फुलं पूजेला न्यायचे. मी म्हटलं, पाटी लावू. निखारेजी म्हणाले, तार लावू.

"थांबा गा," वानखेडेजी म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थांची काठी प्रेमानं आपल्या काखेत घेतली आणि बकरी घेऊन बसमध्ये चढलेल्या एका म्हातारीची गोष्ट सुरू केली. ऐन रंगात आल्यावर म्हणाले, "आता पाणी घालायचं हाय. उद्या सांगतो." त्या दिवशी चार फुलं गेली. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्याभरात गृहस्थ पिशवी न घेताच यायला लागले.

"मग त्या बकरीचं काय झालं, वानखेडेजी?"

पुढं आमचा पाण्याचा पाइपही तेच गृहस्थ ओढायला लागले. निखारेजींना मी एकदा विचारलं, गोष्ट कुठवर आली?

"बकरी अजून बसमधून उतरली नाही," ते म्हणाले.

*

मे महिन्यात आमच्याकडे गुलाबांना सावली करावी लागते. त्यासाठी सुमनबाईंनी एकदा घरच्या जुन्या साड्या आणल्या. त्यात एक जांभळी रेशमी होती, घडीसुद्धा नीट न मोडलेली. वानखेडेजींनी ती लगेच ओळखली.

"अवं, हे मी तुले सीताबर्डीहून आणली होती. चार दुकानं फिरलो होतो."

"हो."

"मंग इथं काहून बांधून राहिली?"

सुमनबाईंनी बांबूला गाठ मारली. "मले तिचा रंगच आवडला नाही कधी."

"पस्तीस वर्षं सांगितलं नाही तू?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यानंतर वानखेडेजी गप्प बसले. मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं.

*

मागच्या हिवाळ्यात वानखेडेजींना लकवा आला. हात-पाय थोडे सावरले, पण बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येऊ शकतात, पण त्यांनी स्वतः प्रयत्न करायला हवा. त्यांनी एक-दोनदा केला. भलताच आवाज निघाला. मग त्यांनी ओठ असे मिटले की पाणी हवं असलं तरी बोटानं खूण करायचे.

सुमनबाई त्यांना रोज व्हीलचेअरवर बागेत आणायच्या. आम्ही भराभर काम उरकायचो आणि मग कुणाला काही सुचायचं नाही. एक दिवस निखारेजींनी हिंमत केली.

"आमच्या उमरेडले एक माणूस होता," ते म्हणाले. आम्ही वाट पाहिली. "लय चांगला होता." आणि ते पुन्हा खुरपायला बसले.

"मी सांगते एक," सुमनबाई म्हणाल्या.

आम्ही वर पाहिलं. त्यांना गोष्ट सांगताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी कुहीच्या पुलाची गोष्ट काढली. ही वानखेडेजींची सगळ्यात लाडकी गोष्ट. पावसाळा, कुहीला जाणारी बस, पुलावरून पाणी, आणि वानखेडेजींनी ऐन वेळी ब्रेक मारून बसभर माणसं वाचवली. आम्हाला ती पाठ होती.

"त्या दिवशी मी बी बसमध्ये होती," सुमनबाई शेवंतीची वाळकी फुलं खुडत म्हणाल्या. "माहेरून येऊन राहिली होती. पूल आला तवा हे मागं पाहून कोण्या मास्तरसंग बोलून राहिले होते. समोर पाणी हाय, ह्यांले पत्ताच नाही."

वानखेडेजींनी मान वळवली.

"मी म्हटलं, थांबवा, थांबवा. ऐकते कोण?"

वानखेडेजींचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. आजारी माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून मी सुमनबाईंना डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मंग बस थांबली कशी?" निखारेजींनी विचारलं.

"इंजन बंद पडलं, आपोआप. ह्यांनं ब्रेक मारलाच नाही."

वानखेडेजींचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. घशातून नुसती घरघर आली. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, पुन्हा जोर लावला.

"खो..." ते म्हणाले. मग थांबले. "खो...टं."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होता. निखारेजी खुरपं हातात घेऊन उभेच राहिले. मला समोरचा वाफा दिसेनासा झाला.

सुमनबाईंनी आणखी एक वाळकं फूल खुडलं आणि टोपलीत टाकलं.

"असं?" त्या म्हणाल्या. "मंग तुम्ही सांगा."