नावं न छापलेला कागद

छापायचं बटण दाबण्याआधी शिंदे बाई माउसवरचा हात काढून घ्यायच्या आणि पडद्याकडे बघत विचारायच्या, "हे कुणाच्या घरी जाणार?" खोलीत दुसरं कुणी नसलं तरी विचारायच्या. उत्तर मनाशी मिळालं की मगच हात पुन्हा माउसवर जायचा.

बोरी बुद्रुकच्या आमच्या हायस्कुलात त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. डिंगोऱ्याहून दोन एसट्या बदलून यायच्या, त्यामुळे पहिल्या तासालाच थकलेल्या दिसायच्या. बोलणं मात्र डिंगोऱ्याचं, ठसठशीत. ते शाळेसाठी त्यांनी कधी बदललं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या आजारानं गेल्या. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणतोय, आणि दर वेळी स्वतःबद्दलच लिहिलं जाईल या भीतीनं कागद बाजूला ठेवतोय.

पालकसभेच्या दिवशी बाकीचे वर्गशिक्षक एक्सेलमधला अख्खा तक्ता छापून भिंतीला लावत. बाई तसं करत नसत. एकाच मुलाचं नाव ठेवायचं, वरची विषयांची ओळ आणि खाली त्या मुलाची ओळ, तेवढाच भाग निवडायचा आणि छापायचा. मग पुढचं मूल. आमचा प्रिंटर जुना, दर कागदाला खोकायचा. मुख्याध्यापक वैतागून म्हणायचे, बाई, एका कागदात उरकतंय ते, तुम्ही तर रान तोडायला निघालात. बाई पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलून दाखवायच्या आणि काम चालू ठेवायच्या. पालक विचारायचे, आमचा कितवा आला? त्यांना त्या एकच सांगायच्या, "आपल्या लेकराची वळ बघा. बाकीची लेकरं त्यांच्या आयबापांची."

या वादात मी मुख्याध्यापकांच्या बाजूनं बोलायचो. स्पर्धेशिवाय पोरं वर येत नाहीत, वगैरे. खरं कारण वेगळं होतं. माझा ओंकार बाईंच्याच वर्गात, दहावीला होता आणि वर्गात सगळ्यांच्या मागं होता. तक्ता नको म्हटलं तर लोक म्हणतील, सर पोरगं झाकतायत. म्हणून मी तक्ता मागायचो, आणि बाईंनी तो लावला नाही की जीव भांड्यात पडायचा. त्या सुटकेचीही लाज वाटायची. घरी ओंकारसमोर बसायचं टाळण्यासाठी मी शाळेत कामं काढून थांबत असे.

दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतरची पालकसभा. संध्याकाळ झाली होती, सगळे गेले होते. मी कपाटाशी वह्या लावत होतो. तेवढ्यात बाईंच्या वर्गातल्या अश्विनीचे आजोबा आले. मेंढरांमागं आयुष्य गेलेला माणूस. आता मेंढरं थोडी, शेती जास्त. अश्विनीचा बाप चाकणला कंपनीत, त्यामुळे घरचा शब्द आजोबांचा. त्यांनी नातीचा कागद टेबलावर ठेवला.

"चौसष्ट टक्के म्हंजे छत्तीस गेलं का न्हाई? एवढं गेल्यावर राखायचं काय? दहावी झाली की पोरगी घरी बसंल. ओतूरच्या कॉलेजचं नाव काढू नका."

बाईंनी खूप समजावलं. पेपर अवघड होता, पोरगी हुशार आहे. आजोबा म्हणाले, मास्तरीणबाई सगळ्यांनाच हुशार म्हणतात, त्यांचा पगारच त्याचा आहे. बाई हसल्या, पण चेहरा उतरला. एकटी ओळ दाखवून अश्विनी हरत होती. तिची मोठेपणाची जागा दिसायला बाकीचे आकडे लागत होते.

त्या पुन्हा संगणकाशी बसल्या. टक्के उतरत्या क्रमानं लावले. हात माउसवरून काढला, बराच वेळ बघत राहिल्या. मग नावांचा रकाना सोडून टक्क्यांचा तेवढा उभा रकाना निवडला आणि छापला. सगळ्यात वरच्या चौसष्टपुढं पेनानं लिहिलं, अश्विनी.

"ही तुमची. खाली सगळा वर्ग."

आजोबांनी बोट वरून खाली नेलं. सावकाश, एकेका आकड्यावर टेकवत. बोट तळाला येऊन थांबलं.

"हे एकोणीस कुणाचं?"

"ते सांगायचं न्हाई म्हणून तर नावं छापली न्हाईत, बाबा."

"नाव नका सांगू. मागं राहिलेल्याजवळ कुणी थांबलंय का, तेवढं सांगा. आमी मेंढरं घेऊन वाटंला असलं की एक जण त्याच्यासाठीच मागं चालतो."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "हायेत त्याची माणसं," त्या म्हणाल्या. "कामात असतात."

आजोबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पोरीला धाडतो पुढं. लई पुढं हाय ती, तिला आता मी कशाला आडवू. पण ह्याला सोडू नका."

मी कपाट बंद केलं. त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "तो माझा मुलगा आहे."

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. मग बाकावर सरकून जागा केली. "बसा, सर. दमलेले दिसता."

मी बसलो. बाईंनी प्रिंटर बंद केला, पिशवी उचलली आणि दारातून म्हणाल्या, "सर, वह्या उद्या लावा. माझी एसटी चुकंल, मी निघते. तुमचं पोरगं घरीच हाय. जा."

घरी गेलो तेव्हा ओंकार ओट्यावर बसून सायकलची चेन बसवत होता. मला इतक्या लवकर बघून तो उठायला लागला. मी त्याला बस म्हणालो आणि सायकलचं मागचं चाक धरलं.