चिमूटभर मीठ आणि तीन बाटल्या

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या शाळेत सगुणाबाई प्रयोगशाळा परिचर होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, स्पिरिटच्या दिव्यावर लक्ष ठेवायचं, असं त्यांचं काम. शिक्षण सातवी. पण सतरा वर्षं त्याच खोलीत उभं राहून त्यांनी तेच ते प्रयोग इतक्यांदा पाहिले होते, की विज्ञानाचे सर एखादी पायरी चुकले तर त्या मागून हळूच खोकायच्या आणि सर तिथंच थांबायचे.

२००४ च्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली होती. शेजारच्या चंदाबाईंकडे त्या पापड लाटायला गेल्या. चंदाबाई म्हणजे कापड दुकानवाल्या मूलचंद शेठजींच्या घरच्या. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या मंठ्यात गेलेल्या. ओसरीत सात-आठ बायका लाटत बसल्या होत्या. तेवढ्यात सफारी घातलेला एक माणूस पाणी शुद्ध करायची मशीन घेऊन आला.

त्यानं दोन ग्लास मागितले. एकात चंदाबाईंच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आपल्या मशीनचं. मग दोन्हींत लोखंडी कांड्यांचं एक यंत्र सोडून विजेचं बटण दाबलं. मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. नळाचं मात्र बघता बघता पिवळं, मग हिरवट, मग गढूळ तपकिरी झालं. वर फेस आला.

"माताजी, हे पिता तुम्ही रोज," तो म्हणाला.

चंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "हे राम! सगुणा, देखलं का? मशीन आजच लावून घेते मी."

सगुणाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. हा रंग त्यांच्या ओळखीचा होता. एका वर्षी पाण्यातून वीज सोडायच्या प्रयोगात सरांनी कार्बनच्या कांड्या सापडेनात म्हणून लोखंडी खिळे वापरले होते, आणि तो गाळ चंचुपात्रातून काढता काढता त्यांची बोटं सोलून निघाली होती.

"भाऊ, तुमच्या मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकते. मंग बटन दाबा," त्या म्हणाल्या.

"मीठ कशाला, ताई?"

"आम्ही पापडात टाकून राह्यलो, तेच मीठ आहे. घाबरता काहून?"

बायका हसल्या. त्याला बटण दाबावंच लागलं. मिनिटभरात त्याचंही पाणी तसंच तपकिरी झालं.

"हा गाळ पाण्यातला न्हाई, भाभी," सगुणाबाई म्हणाल्या. "ह्या कांड्यांचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहती अन् लोखंड झिजतं. बिनक्षाराच्या पाण्यात झिजत न्हाई, एवढंच."

ओसरी हसण्यानं दणाणली. माणूस सामान गुंडाळून, एक कार्ड ठेवून निघून गेला. चंदाबाईंनी मात्र विचारलं, "मग आपलं पाणी चांगलं आहे ना?"

सगुणाबाईंनी लाटणं पुन्हा उचललं. माणसाची लबाडी त्यांनी उघडी पाडली होती, पण पाणी कसं आहे ते त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? "ते मला न्हाई माहीत," त्या म्हणाल्या. "तपासावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सरबताची बाटली लख्ख धुऊन त्यांनी चंदाबाईंच्या नळाचं पाणी भरलं आणि एसटीनं जालना गाठलं. तिथल्या पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या साहेबरावांनी बाटली उजेडात धरली. "क्षार बघायला हे चालंल, बाई. पण जंतू बघायचे तर निर्जंतुक बाटली लागती. नुसती धुतलेली न्हाई चालत."

सगुणाबाई लाजल्या. आयुष्य बाटल्या धुण्यात गेलेलं, आणि परत जायची वेळ आली ती बाटलीपायीच! साहेबरावांनी तीन बाटल्या दिल्या. तोटी आधी ज्योतीनं शेकायची, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणायचं, हे सगळं समजावलं.

आठवड्यानं त्या कुल्फीवाल्याचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन पुन्हा एसटीत बसल्या. एक बाटली गल्लीत येणाऱ्या नळाची, दुसरी चंदाबाईंच्या स्वयंपाकघरातली, तिसरी स्वतःच्या घरच्या बोअरची. सोबत क्षारांसाठी त्याच तीन ठिकाणच्या मोठ्या बाटल्या. कंडक्टरनं विचारलं, "कुल्फी का?" त्या म्हणाल्या, "न्हाई, पाणी." तो जालन्यापर्यंत त्यांच्याकडे बघत राहिला.

अहवाल आला. गल्लीतल्या नळाचं पाणी चांगलं होतं. तेच चंदाबाईंच्या गच्चीवरच्या टाकीतून आलं की त्यात जंतू होते. गडी वर चढवला, तर टाकीचं झाकण फुटलेलं आणि आत पारव्यांची पिसं. टाकी घासली, नवं झाकण बसलं, पाण्यात औषध पडलं. पुढच्या तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. मशीनची गरजच नव्हती.

तिसरा कागद सगुणाबाईंच्या स्वतःच्या घरचा होता. त्यांच्या बोअरला जंतू नव्हते, पण दातांवर डाग पाडणारं फ्लोराइड मर्यादेच्या दुप्पट होतं. धाकट्या लेकीच्या, पुष्पाच्या दातांवर तपकिरी डाग होते, आणि दात नीट घासत नाही म्हणून त्या तिला चार वर्षं रागावत आल्या होत्या.

"पुष्पे, तुझी चूक न्हाई गं, पाण्याची आहे," त्या म्हणाल्या. पुष्पा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी सांगतच होते!" तेव्हा मात्र दोघींनाही हसू आवरेना.

साहेबराव म्हणाले, "फ्लोराइड उकळून जात न्हाई. तुम्ही सांगितली तशी, त्या सफारीवाल्याकडची क्षार काढणारी मशीनच लागंल."

सगुणाबाईंनी चंदाबाईंकडं राहिलेल्या कार्डावरचा नंबर फिरवला. आवाज ओळखून तो माणूस फोन ठेवू लागला.

"भाऊ, तुमची मशीन खोटी न्हाई," त्या म्हणाल्या, "तो कांड्यांचा खेळ खोटा आहे. तो घरी ठेवा अन् मशीन घेऊन या. माझ्याकडं कागद आहे."

तो आला. अहवाल दोनदा वाचला. "ताई, मी आजपर्यंत असा कागद कुणाला मागितलाच नाही," तो म्हणाला, आणि मशीन बसवू लागला. सगुणाबाईंनी त्याला चहा दिला आणि बजावलं, "मशीनचं पाणीबी तपासून आणणार आहे मी."

आणि आणलं. या वेळी पुष्पाही सोबत होती. फ्लोराइड मर्यादेत आलं होतं. साहेबरावांच्या टेबलावर मंठ्याच्या आणखी चार बाटल्या होत्या, त्यांतली एक चंदाबाईंच्या जावेची. माय-लेकी बसस्टँडवर गरम भजी खात बसल्या, आणि गप्पांच्या नादात त्यांची गाडी सुटली.