प्रौढ शिक्षणवाल्या ताई

ताई मॉनिटरच्या बरोब्बर मध्यावर उजव्या हाताचा पंजा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मधलं सोड. मधलं सगळ्या जगात सारखंच असतं. कडा बघ."

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. जर्मनीत हॅनोव्हरच्या एका लॅबमध्ये मी नुकताच लागलो होतो. जुन्या फिल्म स्कॅन झाल्या की त्यांच्यावरची धूळ आणि ओरखडे काढणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. इंटरव्ह्यूत 'जुन्या फिल्म' एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात पुढ्यात आलं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या फ्रेंच सिनेमांचं एक अख्खं कपाट, आणि सगळे सिनेमे फक्त मोठ्यांसाठीचे. शेजारच्या खुर्चीत कोण, तर साठीकडे झुकलेल्या, कपाळावर टिकली लावलेल्या मराठी बाई! माझे कान तापले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो तर म्हणाल्या, "बाहेर ट्राम आहे. रोज असते. इकडे बघ."

बघितलं. झाकायचं ते त्यांच्या पंजाखाली झाकलं गेलं होतं. उरलेल्या भागात एक पितळी दिवा होता, वाइनच्या रंगाचा वॉलपेपर होता, जाळीचा पडदा किंचित हलत होता आणि दुपारचं ऊन कपाटाच्या आरशावर चढत होतं.

"किती वाजले असतील?" ताईंनी विचारलं.

"चार?"

"साडेचार. ऊन आरशापर्यंत आलंय. या कॅमेरामनने उन्हाची वाट बघितलीय रे. हातात चार दिवस, माणसं पाच, आणि प्रेक्षक काही ऊन बघायला येणारा नाही. तरी वाट बघितली."

त्या दिवसापासून मीही कडा बघायला शिकलो. तुम्हीही कधी बघा. त्या सिनेमांत कॅमेरा घाई करत नाही. माणसांपर्यंत पोचण्याआधी तो जिना बघतो, टेबलावरचं अर्धं सोललेलं संत्रं बघतो, आरशातून दार बघतो. सगळीकडे सायीसारखा मऊ उजेड. ताई मुंबईच्या एका लॅबमध्ये रंगाचं काम शिकल्या होत्या. लग्नानंतर ब्राउनश्वाइगला आल्या, कारण भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगा मोठा होईपर्यंत त्या घरीच होत्या. पण डोळे काही विसरले नव्हते.

"लोक यांना ब्लू फिल्म म्हणतात," त्या हसून सांगायच्या, "माझ्याकडे येतात तेव्हा सगळ्या गुलाबी झालेल्या असतात." ते खरंच होतं. जुन्या प्रिंटमधले निळे-हिरवे रंग आधी उडतात आणि मागे गुलाबी तेवढा उरतो. एका पडद्याचा हिरवा रंग परत आणायला त्यांनी दोन दिवस घालवले. मी म्हटलं, "पडदा कोण बघणार, ताई?" म्हणाल्या, "ज्याने लावला त्याने बघितला होता ना?"

गणपतीत ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, "ताई, तुमच्या लॅबमध्ये कुठले सिनेमे असतात हो?"

"फ्रेंच. प्रौढांसाठी."

"वा! प्रौढ शिक्षण! फार मोठं कार्य आहे." आणि आरतीआधी त्यांनी माइकवरून ते जाहीरही केलं. टाळ्या पडल्या. ताईंनी हात जोडले. परत येताना गाडीत मला म्हणाल्या, "आल्झो, हे बघ, खोटं मी काहीच बोलले नाही." पण तेव्हापासून सगळ्या ब्राउनश्वाइगात त्या प्रौढ शिक्षणवाल्या ताई झाल्या. भावजींना हायसं वाटलं. नाशिकच्या होणाऱ्या व्याह्यांनाही त्यांनी तेच सांगितलं.

एकदा एका सिनेमातल्या दिव्याशी ताई थबकल्या. तो मऊ उजेड येण्यासाठी त्या काळी लेन्सच्या मागे बायकांचा नायलॉनचा मोजा ताणून बसवायचे. त्यामुळे प्रत्येक दिव्याभोवती चांदणी दिसते. या चांदणीचं एक टोक उजवीकडे वाकलं होतं. "मोज्याचा धागा उसवलाय," ताई म्हणाल्या. पुढच्या महिन्यात दुसरा सिनेमा आला, कॅमेरामनचं नाव वेगळं, पण चांदणीचं टोक तसंच वाकलेलं. मग तिसऱ्यातही तेच. नावं तीन, तिन्ही खोटी, आणि मोजा एकच. त्या सिनेमांत काम करणारे खरी नावं देत नसत.

नेमकं तेव्हाच मी प्रोग्राम सुधारला होता. त्याने ते वाकडं टोक ओरखडा समजून अख्ख्या फिल्मभर पुसून टाकलं. मी शाबासकीच्या आशेने दाखवायला गेलो. ताईंनी दिव्याचा शॉट पुन्हा लावून बघितला. मग म्हणाल्या, "अरे, त्या माणसाने स्वतःचं नाव कुठेच ठेवलं नाही. ही एवढी एक सही राहिली होती. तीही तू पुसलीस."

इतकी लाज मला कॉलेजात नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती. आठवडाभर बसून मी प्रोग्राम पुन्हा लिहिला.

फिल्मच्या मालकांकडे विचारपूस करता करता कॅमेरामनचा पत्ता लागला. नव्वदी ओलांडलेले गृहस्थ, सरहद्दीला लागून फ्रान्समधल्या एका गावात राहत होते. ताईंनी पत्र लिहिलं की सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर तुमचं खरं नाव द्यायचं आहे, परवानगी द्या. उत्तर जर्मनमध्ये आलं, थरथरत्या अक्षरात: "बाई, तुमच्या पत्राखालीही आद्याक्षरंच आहेत. तुम्ही पूर्ण नाव द्या, मीही देईन."

म्हातारा पक्का होता. दुरुस्ती करणाऱ्यांची नावंही त्याच पाटीवर येतात, आणि त्या कपाटासाठी आम्ही सगळ्यांनीच आद्याक्षरं दिली होती. मीसुद्धा.

भावजींनी घरी हात जोडले. "अगं, नाव नको. लोक गुगल करतात. मुलाचं लग्न तोंडावर आलंय. व्याह्यांना काय सांगायचं?" हे ताईंनीच मला ट्रेनमध्ये सांगितलं; आम्ही दोघं रोज ब्राउनश्वाइगहून एकत्र यायचो. वर म्हणाल्या, "ह्यांचं काही चूक नाही रे." तीन आठवडे असेच गेले. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी मात्र मनातून घाबरलो होतो की त्या नाही म्हणतील, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर त्यांना बोल लावायचा मला काय हक्क होता?

एका सोमवारी त्यांनी पाटीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "स्पेलिंग तपास." पूर्ण नाव होतं. स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव.

"ताई, मध्ये भावजींचंही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. पासपोर्टवर आहे तसं. अर्धवट दिलं तर पुन्हा आद्याक्षरंच की."

"त्यांना माहीत आहे?"

"नाव दिलंय एवढं सांगितलं. चार दिवस बोलत नाहीयेत. अख्खं सांगितलं असतं तर महिना गेला असता."

मी माझा फॉर्म परत मागून घेतला आणि पूर्ण नाव लिहिलं. माझ्या हातून झालेलं ते एक बरं काम, आणि तेही त्यांच्यामुळे.

हिवाळ्यात लग्न थाटात झालं. फिल्म अजून बाहेर यायची होती, त्यामुळे नाशिकला काही कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ताईंना कॅन्सर निघाला आणि पानगळीत त्या गेल्या. इतकी चांगली नजर मी पुन्हा पाहिलेली नाही.

सिनेमा दाखवला गेला हॅनोव्हरच्या एका छोट्या थिएटरात. भावजी येतील असं मला वाटलं नव्हतं. आले, कोट घालून. माझ्या शेजारी बसले. पडदा उजळला आणि पाटी आली. वर त्या म्हाताऱ्या कॅमेरामनचं खरं नाव होतं, खाली ताईंचं. भावजी ओठांनी अक्षरं जुळवत होते. मग जरा मोठ्यानेच म्हणाले, "अरे, मीपण आहे की!"

त्यांनी फोन काढून पाटीचा फोटो घेतला. मागच्या रांगेतल्या बाई चिडल्या, तेव्हा मागे वळून त्यांना जर्मनमध्ये म्हणाले, "माझी बायको आहे." मग तोच फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर व्याही, विहीणबाई, सगळे होते. खाली दोनच शब्द लिहिले: 'हिचं काम.'

फोन लगेच थरथरायला लागला. भावजींनी तो बंद करून खिशात टाकला. "अकरा वर्षं ती हे करत होती," ते हळूच म्हणाले, "आणि मी एकदाही बघितलं नाही रे."

सिनेमा सुरू झाला. भावजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि खुर्चीत पुढे सरकून बसले.