वाटूरची निगरानी

विडा गालात सरकवायचा, एक बोट वर तारेकडे करायचं आणि म्हणायचं, "बोला, पण बेतानं. तार झिजती."

वाटूरला टेलिफोनपुढे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला या गृहस्थांनी हे वाक्य ऐकवलेलं आहे. बोलल्यानं तार झिजते हा शोध त्यांचा स्वतःचा. नाव सांगत नाही. गावात त्यांना मालक म्हणत, आपणही तेच म्हणू. टेलिफोनचे मात्र ते मालक नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं. मी परतूरला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. जिनिंगच्या शेटजींनी सरकारची परवानगी काढून वाटूरपर्यंत टेलिफोनची तार ओढली होती. तार एकच आणि तिच्यावर पाच ठिकाणी टेलिफोन. आमची जिनिंग, अडत्याचं दुकान, कापसाची वखार, एका जमीनदाराचा मळा आणि शेवटी वाटूर. कुणीही दांडा फिरवला की पाचही ठिकाणी घंटी वाजे. घंटी लांब की तोकडी, यावरून बोलावणं कुणाला आहे ते ओळखायचं आणि बाकीच्यांनी फोन उचलायचा नाही. उचलला तर दुसऱ्यांचं बोलणं ऐकू येई, पण एक अडचण होती. जितके जास्त जण फोन उचलून ऐकत, तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत जाई.

वाटूरचा टेलिफोन मालकांच्या ओसरीत बसला तो केवळ त्यांच्या घराचं छत गळत नव्हतं म्हणून. शेटजींनी नियम मोजके दिले होते. काम असेल तरच बोला, काम झालं की ठेवा, दुसऱ्याचं ऐकू नका. एवढ्यावर भागवतील तर ते मालक कसले! त्यांनी स्वतःचे नियम जोडले. टेलिफोनपुढे जोडे काढून उभं राहायचं. ज्याचा तारेत हिस्सा नाही त्यानं तारेचा खर्चा आधी ठेवायचा. मोठ्यानं बोलणाऱ्याला जास्त, कारण तार जास्त झिजते. सोयरिकीचं बोलणं म्हणजे देण्याघेण्याचा व्यवहार, त्याला व्यापाराचा दर. मयताची बातमी अर्ध्या दरात, पण रडायचं नाही, रडण्यात वेळ जातो. हा खर्चा तारेसाठी घेतला जाई. तारेनं त्यातलं काही कधी पाहिलं नाही.

वेळेचं माप विडा. तुम्ही बोलायला लागलात की मालक विडा तोंडात टाकत आणि तो संपला की तुमचं बोलणं संपलं. मेहुणे आले की एकेक विडा दुपारभर चाले. गरिबाच्या वेळी असा काही चावत की गुऱ्हाळातला चरक मागे पडावा.

शिवाय गरिबाच्या तोंडाला टेलिफोन लावू देत नसत. त्यानं लांबून सांगायचं आणि यांनी तारेवर बोलायचं. एकदा एक म्हातारा धनगर आला. त्याचा मुलगा आमच्याकडे हमाल होता. म्हातारा म्हणाला, "पोराला म्हनावं, आई लई याद करून राह्यली. सवड काढून येऊन जा." मालकांनी दांडा फिरवला, मला नमस्कार केला, आपलं पूर्ण नाव सांगितलं, तारेचे नियम ऐकवले. एवढ्यात विडा संपत आला. मग म्हणाले, "तुमच्याकडच्या हमालाची आई..." आणि "झालं" म्हणून फोन ठेवून दिला.

मी ते त्या पोराला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. अंगावरच्या कपड्यांनिशी तो उन्हातून वाटूरला पळत गेला. आई अंगणात लोकर पिंजत बसली होती. पुढे मी मालकांना याचा जाब विचारला, तर म्हणाले, "मंग पोरगं आलं का न्हाई? आल्तं ना? निरोप बराबर पोचला."

आता ऐकण्याचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकणाऱ्याला त्यांनी दंड लावला होता, आणि ऐकणाऱ्यांत पहिला नंबर त्यांचा. आम्हा सगळ्यांना ते कळे, कारण तारेवर विडा चघळल्याचा आवाज येई. एकदा अडत्या मला कापसाचा भाव सांगत होता. तो मध्येच थांबून म्हणाला, "मालक, विडा जरा हळू चावा, भाव ऐकू येईना."

तारेतून ताबडतोब उत्तर आलं, "मी ऐकून न्हाई राह्यलो. मी निगरानी करून राह्यलो!"

त्या दिवसापासून अडत्या, वखारवाला आणि मळेकरी हेही निगरानी करू लागले. घंटी कुणाचीही वाजो, सगळे कान लावून बसत. मालकांना याचा भारी संताप. बोलायला लागले की आधी ओरडत, "ठेवा, ठेवा! दंड लागल!" हे त्यांचं हॅलो. ते ऐकून कुणी फोन ठेवला असेल तर शपथ. उलट आता काहीतरी मजेचं ऐकायला मिळणार म्हणून सगळे सरसावून बसत.

या माणसाचं एक बोलणं मात्र दराविना आणि मापाविना चाले. त्यांची एकुलती लेक गोदा बदनापूरला दिली होती. जावई तिथल्या स्टेशनात नोकरीला. परतूरच्या बाजारादिवशी मालक मला फोन करून विचारत, "जिनिंग, बदनापूरचं कोनी उतरलं का गाडीतून? आमच्या गोदीचं काही कळलं?" मला ते 'जिनिंग'च म्हणत, माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पण त्या वेळी आवाज इतका मऊ येई की हाच का तो माणूस, असं वाटे. मी खुशाली सांगितली की म्हणत, "बरं झालं. अजून सांगा." अजून काय सांगणार? मग मी थोडं पदरचं घालून सांगे.

गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वैशाखातल्या एका दुपारी आमची घंटी वाजली. मी फोन उचलला. विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक आवाज आला, "ठेवा... ठेवा रे..."

रोजचंच. कुणीतरी खुदकन हसल्याचंही ऐकू आलं. पुन्हा तेच, "ठेवा ना रे." मग माझ्या लक्षात आलं की विड्याचा आवाज नाही. माणूस नुसता श्वास घेतोय आणि तोही धड घेता येत नाही. मी ओरडलो, "अरे, सगळ्यांनी फोन ठेवा! तो माणूस रडतोय!"

एक खट झालं. दुसरं झालं. तिसऱ्या महाभागाचं कुतूहल मोठं, त्यानं बऱ्याच वेळानं ठेवला. तेव्हा कुठे मालकांचा आवाज उघडला.

"गोदी अडलीया. सुईणीनं हात टेकले. डाक्टर धाडा, जल्दी धाडा. साहेब, तुमच्या पाया पडतो."

मी साहेब कुठला! शेटजींची लॉरी काढली, दवाखान्यातून डॉक्टरांना ओढूनच बसवलं. लॉरी संध्याकाळी परत आली. मुलगी जन्मली होती, ती वाचली. गोदा डॉक्टर पोचण्याच्या जरा आधी गेली. "थोडं आधी कळलं असतं तर," एवढंच डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य तारेवरच्या सगळ्यांपर्यंत पोचलं. आपापसात कुणी काही ठरवल्याचं मला माहीत नाही. पण त्यानंतर मालकांचा आवाज तारेवर आला रे आला की खट, खट, खट, सगळे फोन ठेवून देत. ज्या नियमासाठी मालकांनी इतका घसा फोडला, तो आता असा पाळला जाऊ लागला. खर्चा घेणं त्यांनी सोडलं. लोकांच्या हातात टेलिफोन देऊ लागले आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहू लागले.

हा माणूस मला कधी आवडला नाही. आजही त्या धनगराच्या पोराचा चेहरा आठवला की डोकं तापतं. पण गोदा गेल्यानंतरचा त्यांचा एक फोन माझ्या कानातून जात नाही. नातीला बदनापूरकर घेऊन गेले, त्यानंतरची गोष्ट. परतूरचा बाजार होता. आमची घंटी वाजली. मी उचलला. पलीकडे मालक, आणि लगेच खट, खट, खट.

ते म्हणाले, "जिनिंग, कोन कोन ऐकून राह्यलं?"

"कुणीच नाही, मालक. तुम्ही बोला."

आवाज लख्ख होता. ओसरीसमोरच्या लिंबावरचा कावळासुद्धा मला ऐकू येत होता.

"मंग काय बोलायचं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.