खोबरेल लावलेली अँटेना

हिवाळ्यात खोबरेल तेल थिजलं की डोंगरकड्याच्या आमच्या घरची ती सकाळ आठवते. आईनं म्हटलेलं गाणं त्या दिवशी रेडिओवर लागणार होतं, आणि आमच्याकडं रेडिओ एकच, वडिलांच्या जुन्या गाडीतला. तो लावला की गाडीची अँटेना आपोआप वर यायची. ती अडकू नये म्हणून वडिलांनी आदल्या संध्याकाळी तिला मायेनं खोबरेल चोळलं. थंडीनं ते रातोरात आतच गोठलं. सकाळी मोटर नुसती घरघरली, अँटेना काही वर येईना, रेडिओ खरखरत राहिला. वडील वाकून तिच्या टोकावर तोंडाची वाफ सोडत होते. "ऱ्हाऊ द्या, संपलं असंल आता," आई म्हणाली आणि घरात गेली. त्यानंतर ती कधीच गायली नाही. आता ती नाही. बाटली उन्हात ठेवली की तेल पातळ होतं. तिचा आवाज मात्र काही केल्या आठवत नाही.