इंजिनाची न काढलेली बाजू

डावीकडून पाहिलं तर सहदेव राणेचं इंजिन तयार होतं. बॉनेटची दारं, दारांच्या कड्या, हवा आत घेणाऱ्या बारीक फटी, केबिनची खिडकी, चढायच्या पायऱ्या, सगळं जागच्या जागी. प्लास्टिकच्या पातळ पत्र्याला मागून वाळलेल्या बॉलपेनाचं टोक दाबलं की पुढून एक टिंब उठतं. तसं एकेक टिंब उठवून त्याने सगळे रिवेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, केले होते. पण इंजिन फिरवलं की उजवीकडे नुसता कोरा पांढरा पत्रा. कांजूरमार्गच्या त्याच्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी, बायकोच्या शिलाई मशीनच्या फळीवर ते वीतभर इंजिन असं अर्धवट उभं होतं, आणि बरेच महिने तसंच उभं होतं.

त्याला कारण होतं. खरं इंजिन जगात कुठे नव्हतंच.

सहदेव तरुणपणी मुलुंडच्या एका रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ट्रेसर होता. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने ड्रॉइंग काढणार, ट्रेसर त्यावर पारदर्शक कापड पसरून शाईने ते गिरवणार, मग त्याच्या प्रती निघणार. गिरवायचं म्हणजे काय, तर ब्रॅकेट, फ्लॅन्ज, पाइपाचे वाक. हे भाग कुठे बसतात ते ट्रेसरला कोणी सांगत नसे. अख्खं इंजिन गिरवायला मिळालं ते एकदाच. चीफ ड्राफ्ट्समन व्हर्नन परेरा यांनी बंदरात आणि कारखान्यांच्या सायडिंगच्या रुळांवर मालडबे हलवण्यासाठी एका छोट्या डिझेल इंजिनाचा प्रस्ताव काढला होता. तो वर गेला आणि वरच राहिला. इंजिन झालं नाही. पुढे कारखानाही बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले. सहदेवने झेरॉक्सच्या दुकानात आणि मग पवईतल्या एका सोसायटीच्या मेंटेनन्स ऑफिसात उरलेली नोकरीची वर्षं ओढली. त्या ड्रॉइंगची एक प्रत मात्र त्याने कपाटावर गुंडाळून ठेवली होती. रिटायर झाल्यावर ती उलगडली आणि मॉडेल करायला घेतलं.

अडचण तेव्हा कळली. त्यांच्या ऑफिसात रीतच होती की बाजूच्या चित्रात इंजिनाचं तोंड कायम डावीकडे असायचं. पहिल्या प्रस्तावाला बाजूने एक आणि समोरून एक, एवढी दोनच चित्रं पुरत. मंजुरी आली की बाकीची. मंजुरी आली नाही, म्हणून बाकीची निघाली नाहीत. इंजिनाची उजवी बाजू कशी असणार होती, ते कागदावर कुठेच नव्हतं.

आधी सहदेवने सरळ डावी बाजू उलटी करून उजवीकडे चिकटवली. दिसायला छान दिसली. मग एका दुपारी त्याच्या लक्षात आलं, की आता दोन्हीकडे ड्रायव्हरची खिडकी आहे, दोन्हीकडे बॅटऱ्यांची पेटी आहे, आणि आत माणसाला जायला टीचभरही जागा उरलेली नाही. त्याने ती बाजू सोलून काढली. तेव्हापासून पत्रा कोरा.

व्हर्ननसाहेबांना विचारणं हा सोपा मार्ग होता. ते अंधेरीला, मरोळच्या गावठाणात लेकीकडे होते. पण सहदेवला पूर्ण झालेलं इंजिनच त्यांच्यासमोर ठेवायचं होतं. अर्धवट काम साहेबांना दाखवायचं नाही ही ऑफिसातली सवय अजून गेली नव्हती. शेवटी निकड लावली ती डोळ्यांनी. साखरेने डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात इंजेक्शनं चालू होती. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई गेल्या खेपेला म्हणाल्या, "काका, बारीक काम काय असेल ते आटपून घ्या."

इंजिन न्यायचं कशात? त्याने जुन्या मलमलीत गुंडाळून ते चपात्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं.

"अवो, ह्यो माझो चपातयेचो डबो!" बायको सुगंधा आतून ओरडली. "सांजच्यो चपातयो खय ठेवू मी? डोक्यार?"

"संध्याकाळपर्यंत आणतो गो."

"ता इंजिन काय चलता? त्याका आपलो डबो कित्याक?"

"चालत नाही म्हणूनच डबा लागतो ना," सहदेव म्हणाला. सुगंधाला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. "डोळ्यात थेंब घालून जावा," एवढंच म्हणाली.

बसने मरोळला पोचेपर्यंत तो घामाने निथळला. एका हातात डबा, दुसऱ्याने दांडा धरलेला. नाक्यावर उतरल्यावर पायरी नीट दिसली नाही, आणि डब्यात काहीतरी खुळखुळलं. तिथेच भिंतीला टेकून त्याने झाकण उघडलं. एक पायरी निखळली होती. ती खिशात टाकून तो पुढे निघाला. घरून निघताना मनात जी काही उभारी होती ती बसमध्येच संपली होती.

व्हर्ननसाहेब गावठाणातल्या क्रुसाजवळच्या घराच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. ऐंशी ओलांडली होती. अंगातला शर्ट इस्त्रीचा होता, पण आतलं माणूस पार सैल झालेलं.

"ए सहदेव! केस कुठे गेले मॅन तुझे?"

"तुमच्याच ऑफिसात गेले साहेब."

लेक व्हॅलेन्सियाने सरबत आणलं. "अंकल, डॅडीला जास्त दमवू नका हं. सकाळपासून मला शिव्या देऊन दमलेत."

सहदेवने स्टुलावर मलमल उलगडली आणि इंजिन डावी बाजू दिसेल असं ठेवलं. साहेबांनी चष्मा बदलला. बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"हे काय आहे?"

"तुमचं इंजिन, साहेब. बंदरासाठी काढलेलं. मी ट्रेसिंग केलं होतं."

"अच्छा, ते!" साहेब मागे टेकले. "बापरे. ते तू करत बसलास?"

"एक विचारायचं होतं. ह्याची दुसरी बाजू..." सहदेवने इंजिन वळवलं. "इकडे काय ठेवणार होता तुम्ही? कॉम्प्रेसर? पंखा कुठल्या अंगाला?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही ठरवलंच नव्हतं. कारखान्याच्या मोठ्या साहेबांचं नव्या इंजिनाऐवजी जनरेटर बनवायचं आधीच पक्कं झालेलं, बाबा. पण बोर्डापुढे दुसरा एखादा पर्याय नाकारल्याचं दाखवायला हवं होतं. मला बोलावून म्हणाले, व्हर्नन, एक इंजिन काढ. नाकारायला." ते हसले, हसता हसता खोकले. "दोन दिवसांत उरकलं मी. जुन्या ड्रॉइंगमधून नाक एकाचं घेतलं, केबिन दुसऱ्याची. उजव्या बाजूचा विचार कशाला करू?"

सरबताचा ग्लास सहदेवच्या हातात तसाच राहिला. शेजारच्या घरात कोणीतरी मसाला भाजत होतं, त्याचा खाट सगळ्या ओट्यावर पसरला. साहेबांना ठसका लागला, तो थांबल्यावर त्यांनी सहदेवकडे पाहिलं.

"वाईट वाटलं?"

"नाही साहेब. दमलो."

"मग टाकून दे. कोण विचारणार आहे?"

हेही खरंच होतं. कोणी विचारणार नव्हतं. सहदेवने इंजिन उचलून मलमलीत ठेवलं, एक कोपरा दुमडला.

"थांब," साहेब म्हणाले. "बॅटऱ्या कुठे दाखवल्यात मी?"

"डावीकडे. केबिनखाली."

"शी! चूक आहे ते. बॅटरीत पाणी भरायला माणूस वाकणार कसा तिथे? सगळं जड सामान एकाच अंगाला. बनलं असतं तर कललं असतं साला." त्यांचे डोळे आता जरा जागे झाले होते. "काढ त्या बॅटऱ्या. उजवीकडे घाल. डाव्या बाजूचं दारही सरकव मागे."

पूर्वी साहेबांनी असं म्हटलं की सहदेव ब्लेडने शाई खरवडायला घ्यायचा. त्या ऑफिसात उलट उत्तर दिल्याचं त्याला एकदाही आठवत नव्हतं.

"डावी बाजू हलणार नाही, साहेब."

"चुकीची आहे म्हणतो ना मी."

"असू दे. तुम्ही काढलीत, मी गिरवली. ती झाली. पुन्हा एवढे रिवेट उठवायला डोळा नाही माझ्याकडे." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसलाच होता. "उजवीकडे कॉम्प्रेसर घालतो. तोल साधेल. बॅटऱ्या तिकडे गेल्या तर इकडची पेटी खोटी पडेल."

"आणि पाणी भरणारा माणूस?"

"त्याला आतून वाट ठेवतो. दार उजवीकडून."

"कॉम्प्रेसर तापतो, हे माहीत आहे ना तुला?"

"मग जाळी देतो दाराला."

साहेबांनी तोंड वाकडं केलं. कबूल आहे असं काही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "दार रुंद ठेव. फिटर लोक काय तुझ्यासारखे काडी नसतात." मग मान खुर्चीला टेकून त्यांनी डोळे मिटले. व्हॅलेन्सियाने गोळ्या आणल्या तेव्हा ते घोरत होते.

"काय म्हणाले डॅडी? आवडलं?" तिने हळूच विचारलं.

"नाही," सहदेव म्हणाला. "चुका काढल्या."

"मग ठीक आहेत ते," ती म्हणाली.

परत येताना बसायला जागा मिळाली. डबा मांडीवर धरून तो पवईपर्यंत झोपूनच आला. घरी पोचल्यावर सुगंधाने आधी डबा रिकामा करून घासला, मग विचारलं, "साहेबांनी सांगितल्यानी?"

"त्यांनाही माहीत नव्हतं."

"मगे आता?"

"आता मीच बघतो."

दुसऱ्या दिवशी डोळा बराच लाल होता, म्हणून त्याने त्यावर ओल्या कापडाची घडी ठेवली आणि काही केलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीत चांगलं ऊन आलं तेव्हा तो फळीपाशी बसला. निखळलेली पायरी आधी चिकटवली. मग इंजिन फिरवलं, कोऱ्या पत्र्यावर मोजपट्टी धरली. गिरवायला खाली काही नव्हतं, त्यामुळे हात थोडा वेळ नुसता अधांतरी राहिला. साहेबांनी सांगितलं होतं त्याहूनही थोडं रुंद असं एक दार त्याने पेन्सिलीने आखलं, आणि डोळे चोळत ते वाळलेलं बॉलपेन शोधायला लागला.